रिपोर्टात अमीबाच्या सिस्ट आल्या, म्हणजे जुलाब अमीबाचेच का?

ताई, तुमच्या चार वर्षांच्या मुलाला तीन दिवस जुलाब, कालपासून ताप आणि शौचात आव-रक्त. रिपोर्टात 'पस सेल्स (पू-पेशी) १५-२०, ई. हिस्टोलिटिकाच्या सिस्ट दिसल्या'. ई. हिस्टोलिटिका म्हणजे रोग करणारा अमीबा, आणि सिस्ट म्हणजे त्याची कवचातली सुप्त अवस्था. मेडिकलवाल्याने ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची बाटली दिली आहे, आणि ती सुरू करावी की आधी कल्चर (शौचातले जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी), हे तुम्ही विचारलंय. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी २२ वर्षं लॅबमध्ये शौचाच्या नमुन्यांच्या डब्या उघडल्या, त्या अनुभवावरून सांगते.

बाटली बाजूला ठेवा. आजच बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी कल्चरचा नमुना द्या. ताप आणि रक्त असताना डॉक्टरांनी थांबू नका म्हटलं, तर नमुना लॅबला गेल्याबरोबर औषध सुरू करा.

आता त्या सिस्टबद्दल. ई. हिस्टोलिटिकाचा एक निरुपद्रवी भाऊ आहे, ई. डिस्पार. मायक्रोस्कोपखाली दोघांच्या सिस्ट हुबेहूब सारख्या. त्यामुळे नुसत्या सिस्टवरून आजचे जुलाब अमीबाचे असं म्हणता येत नाही. खरा पुरावा म्हणजे जिवंत अमीबा आणि त्याच्या पोटात गिळलेल्या तांबड्या पेशी. मी तो पाहिलाय: काचेसारखा पारदर्शक पाय पुढे काढतो, मग सगळं अंग त्यात ओतत सरकतो. पण शौच झाल्यापासून अर्ध्या तासात, नमुना कोमट असतानाच. गार झाला की तो आक्रसून गोल होतो आणि पस सेलमध्ये हरवून जातो. आमच्याकडे पहाटेचं शौच मुरंब्याच्या धुतलेल्या बरणीतून दुपारी यायचं. त्यात काय शोधणार? जिवंत अमीबा दिसलाच, तर मेट्रोनिडाझोल आणि त्यानंतर आतड्यातल्या उरलेल्या सिस्टसाठी डायलोक्सानाइड. हा दुसरा कोर्स फार वेळा राहून जातो.

या वयात ताप, कळा आणि रक्ती आव म्हटलं की माझा पहिला संशय शिगेला या जिवाणूवर. कल्चरच्या मॅकॉन्की प्लेटवर ई. कोलाय या आतड्यातल्या नेहमीच्या जिवाणूच्या गुलाबी ठिपक्यांच्या गर्दीत शिगेला फिकट, रंगहीन थेंबांसारखी उगवते. पुढच्या चाचण्या आणि कोणतं औषध लागू पडतं ते कळायला दोन-तीन दिवस जातात. ऑर्निडाझोलचा शिगेलावर काही उपयोग नाही, आणि आपल्याकडे ऑफ्लॉक्सासिनच्या गटाला ती आता बऱ्याचदा दाद देत नाही. म्हणून डॉक्टर बहुधा अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा सेफॅलोस्पोरिनच्या गटातलं काही देतील. शौच थांबवणारं लोपरामाइड मात्र मुलाला अजिबात देऊ नका.

कल्चरच्या रिपोर्टात नुसतं 'ई. कोलाय वाढले' आलं तर घाबरू नका, तो सगळ्यांच्याच आतड्यात असतो. त्याच्या रोगकारक जाती साध्या कल्चरमध्ये वेगळ्या ओळखू येत नाहीत. 'काही वाढलं नाही' याचा अर्थही संसर्ग नाही असा होत नाही. विषाणू तिथे उगवतच नाहीत.

या सगळ्याच्या आधी मात्र जलसंजीवनी. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलराची) साथ आली, सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रमांतून पाजलं आणि मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. तुम्ही एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला, अर्धं पाकीट अंदाजे पेल्यात नको. दर जुलाबानंतर अर्धा ते एक कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. २४ तासांनी उरलेलं टाकून द्या. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे जलसंजीवनी नव्हे. सोबत झिंक, रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले तरी पुरं करा. मऊ भात, वरण, केळं चालू ठेवा.

डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही, मूल सुस्त पडलं किंवा पाणी पोटात टिकेना, तर लॅबची वाट न पाहता दवाखान्यात भरती करा.

नमुना घेताना आव आणि रक्ताचा भागच उचला, लघवी मिसळू देऊ नका, डबी लॅबमधूनच आणा. दोन तासांत पोचणार नसेल तर कॅरी-ब्लेअरची नळी (वाटेत जंतू जिवंत ठेवणारी) लॅबमधून मागून घ्या, कारण शिगेला शौचात लवकर मरते. आणि डबीवर शौच झाल्याची वेळ लिहा.