बोरॉन ट्रायफ्लुओराइड अध्रुवीय, मग नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड ध्रुवीय (म्हणजे रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण) कसा? दोघांतही फ्लोरिन तीनच ना?

फ्लोरिन मोजू नका, मधल्या अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन-जोड्या मोजा. बोरॉनचे ३ बाह्य इलेक्ट्रॉन तीन बंधांत संपतात. तीन जोड्या एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब जातात, म्हणून रेणू सपाट आणि कोन १२०°. फ्लोरिन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, म्हणून प्रत्येक बंध चांगलाच ध्रुवीय आहे, पण तिन्ही ओढी एकमेकींना पूर्ण रद्द करतात.

नायट्रोजनकडे ५ इलेक्ट्रॉन, म्हणजे तीन बंधांखेरीज एक एकाकी जोडी (बंधात न गुंतलेले दोन इलेक्ट्रॉन) उरते. ती बंधांना खाली दाबते. रेणू बुटक्या पिरॅमिडसारखा होतो, कोन साधारण १०२°. आता ओढी रद्द होत नाहीत.

मला यातली खरी सुंदर गोष्ट वाटते ती पुढची: अमोनियाचा (नायट्रोजनला तीन हायड्रोजन) आकारही असाच, पण त्याचा द्विध्रुव आघूर्ण (रेणू किती ध्रुवीय आहे याचं माप) १.४७ डिबाय (या मापाचं एकक) आणि नायट्रोजन ट्रायफ्लुओराइडचा फक्त ०.२३! कारण नायट्रोजन ट्रायफ्लुओराइडमध्ये फ्लोरिन इलेक्ट्रॉन खाली ओढतात, तर एकाकी जोडी वर, म्हणून दोन्ही परिणाम बरेचसे रद्द होतात; अमोनियात ते एकाच दिशेने असतात.