आजार मुलाचा, सर्टिफिकेट तुझ्या नावाचं नको

पत्र:
ताई, नाशिकला एका खासगी ऑफिसात मी अकाउंट्सचं काम करते. चार वर्षं झाली, पगार १९ हजार. ऑफिसात साठ-पासष्ट माणसं आहेत. मुलगा दोन वर्षांचा. पाळणाघरात जायला लागल्यापासून सारखा तापतो, पावसाळ्यात छाती भरते, नेब्युलायझर लावावा लागतो. अंगात ताप असला की पाळणाघरवाल्या काकू घेत नाहीत. सासूबाई गावी असतात, नवरा अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये. आम्हाला वर्षाला सहाच सुट्ट्या, त्या केव्हाच संपल्या. आता अचानक सुट्टी घेतली की एका दिवसाला दोन दिवसांचा पगार कापतात. मैत्रीण म्हणते, स्वतःच्या आजारपणाचं सर्टिफिकेट आणून दे. परवा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, 'मूल सांभाळायचंय तर घरी बसा.' जाऊबाई तहसील कार्यालयात आहेत, त्यांना बालसंगोपन रजा मिळते. मला काहीच हक्क नाही का? नोकरी सोडू का?
— एक आई

उत्तर:
तुझ्या साहेबांचं वाक्य वाचून संताप आला. चारचौघांत असं ऐकून घेऊन पुन्हा जागेवर बसायचं आणि व्हाउचर तपासायची, हे किती जड गेलं असेल ते कळतंय मला. पण आधी तू विचारलेल्याचं उत्तर देते.

मूल आजारी आहे म्हणून वेगळी रजा खासगी नोकरीत आपल्याकडे कायद्याने नाही. जाऊबाईंना मिळते ती सरकारी सेवेच्या नियमांतून: राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना २०१८ पासून संपूर्ण सेवेत १८० दिवस, केंद्राच्या कर्मचाऱ्यांना ७३० दिवस. २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या सरकारी कॉलेजात शिकवणाऱ्या एका आईला आपल्या आजारी मुलासाठी ही रजा मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. बायकांनी नोकरी करणं ही कुणी केलेली मेहेरबानी नाही, राज्यघटनेलाच ते अपेक्षित आहे, अशी भूमिका न्यायालयाने तेव्हा घेतली. तो निकाल सरकारी नोकरीतला, तुझ्या ऑफिसला थेट लागू होत नाही. तहसील कार्यालयातलं मूल आणि खासगी ऑफिसातलं मूल सारखंच तापतं, तरी एकीला रजा आणि दुसरीला पगारकपात, हा अन्याय आहे आणि तो मला मान्य नाही. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकापासून आजारी मुलाजवळ थांबणाऱ्या आईला किंवा बापाला सरकारी विम्यातून भरपाई मिळते. म्हणजे हे अशक्य कोटीतलं मागणं नव्हे.

पण वेगळी रजा नाही म्हणजे हक्कच नाही, असं तुझ्या ऑफिसने धरून ठेवलंय आणि तिथे ते साफ चुकताहेत. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे. तुमच्याएवढ्या ऑफिसला तो लागू होतो, आणि अकाउंट्समधलं तुझं काम कारकुनी स्वरूपाचं असेल, हाताखाली माणसं नसतील, तर तुलाही. त्या कायद्यात वर्षाला ८ दिवसांची भरपगारी किरकोळ रजा आहे. ती दर तिमाहीला खात्यात जमा होते आणि वर्ष संपलं की बुडते. शिवाय वर्षात २४० दिवस काम भरलं असेल तर दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा. ही न वापरलेली रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. सणांच्या ८ सुट्ट्या वेगळ्याच. तुझी चार वर्षं झाली आहेत. मग तुझ्या नावावर नक्की किती दिवस साठलेत हे एचआरला ईमेलवर विचार. तोंडी विचारू नकोस, तोंडी प्रश्नाला 'बघू' एवढंच उत्तर मिळतं. 'सहाच सुट्ट्या' हा कायदा नाही, ऑफिसने पाडलेली रीत आहे.

पगारकपातीचं तर सरळ आहे. तू एक दिवस आली नाहीस तर फार तर एका दिवसाचा पगार कापता येतो. जेवढी गैरहजेरी तेवढीच कपात, ही वेतनाच्या कायद्यातली जुनी तरतूद, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. शिक्षा म्हणून दुप्पट कापणं बेकायदा आहे. पगाराच्या स्लिपा काढून ठेव, कुठल्या महिन्यात किती कापले ते लिहून काढ आणि ते पैसे परत मागणारा एक साधा, नम्र अर्ज दे. उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. तिथे आधी अर्जाची पोच मागतील, म्हणून प्रत्येक अर्जावर सही-शिक्का घ्यायचाच.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल. ती तुझ्या काळजीपोटीच बोलली, पण हे करू नकोस. तुझा पगार २१ हजारांच्या आत आहे, म्हणजे पगारातून ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) ०.७५ टक्के कापले जात असणार, स्लिपवर बघ. ईएसआयकडून आजारपणात ७० टक्के पगार मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पण तो फक्त तुझ्या स्वतःच्या आजारासाठी. खोट्या सर्टिफिकेटवर तो पैसा घेणं गुन्हा आहे. नुसतं ऑफिसला दाखवायला आणलंस तरी धोका तोच. आज साहेबांकडे तुझ्याविरुद्ध काही नाही. ते कागद मात्र उद्या कपाटातून बाहेर निघतील आणि मग चर्चा तुझ्या मुलाच्या तापाची राहणार नाही, तुझ्या खोटेपणाची होईल. शिवाय तुझ्या मागून याच ऑफिसात अजून आया येतील. मुलांच्या आजारपणाची नोंदच कुठे झाली नाही, तर उद्या कुणी नियम बदलायचा म्हटलं तरी कशाच्या आधारावर बदलणार? तेव्हा अर्जात स्वच्छ लिही: 'मुलाला ताप व दम लागत असल्याने आज किरकोळ रजा मंजूर करावी, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.' चिठ्ठी मुलाच्या नावाची. सकाळी निघायच्या वेळेआधी ईमेल जाऊ दे. न कळवता दांडी मारणाऱ्यावर ऑफिसला कारवाई करता येते. कळवून, अर्ज देऊन थांबलेल्या माणसावर तोच ठपका ठेवणं कठीण जातं. किरकोळ रजा अशा अचानकच्या दिवसांसाठी राखून ठेव. मुलाला ॲडमिट करायची वेळ आली तर साठलेली रजा माग.

त्याच ईएसआयवर मुलाचे उपचारही होतात. औषधं, तपासण्या, भरती, सगळं. सातपूरला ईएसआयचं रुग्णालय आहे. दर खेपेला खासगी दवाखान्यात पैसे मोजत असशील तर मुलाचं नाव कार्डावर चढलंय का ते आधी बघ.

पाळणाघराबद्दलही सांगते. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय मालकाने करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं. साठ-पासष्ट जणांच्या तुमच्या ऑफिसला हे लागू आहे. मात्र ही मागणी एकटीने करू नकोस, लहान मुलं असलेले सगळे मिळून सही करा.

सगळ्यात जास्त मला खटकलं ते वेगळंच. एवढ्या मोठ्या पत्रात नवऱ्याबद्दल एक ओळ, तीही त्याच्या शिफ्टची. त्याच्या कंपनीतही वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा असते. या वर्षी मुलासाठी त्याने किती टाकल्या? पगार त्याचा जास्त म्हणून खाडा नेहमी तुझा, असं न ठरवताच ठरून गेलेलं असतं. आणि मग ऑफिसात 'ही सारखी घरी राहते' हा शिक्का एकट्या आईवर बसतो. त्याची शिफ्ट तुझ्या सोयीचीही आहे. दुसऱ्या पाळीला असेल तेव्हा सकाळी तो थांबेल, तू अर्धा दिवस जाशील. रात्रपाळीहून आल्यावर त्याला झोप लागते, त्या आठवड्यात तू थांब. कॅलेंडरवर त्याच्या पाळ्या लिहा आणि कुठल्या दिवशी कुणी थांबायचं ते मूल बरं असतानाच ठरवा. रात्री दोन वाजता थर्मामीटर हातात घेऊन ही चर्चा केली की भांडणच होतं.

राजीनामा मात्र आत्ता देऊ नकोस. पाळणाघरात नवीन गेलेली मुलं पहिल्या वर्षात फार आजारी पडतात, मोठी होतात तसं ते कमी होत जातं. दर पावसाळ्यात छाती भरते हे मात्र डॉक्टरांना नीट दाखव आणि पुढच्या पावसाळ्याआधी काय करायचं ते लिहून घे. तुझी चार वर्षं झाली आहेत, पाच पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. नोकरी बदलायचीच असेल तर खुशाल बदल, पण दुसरं पत्र हातात आल्यावर.

या आठवड्यात एवढं कर: रजेच्या शिलकीचा ईमेल एचआरला पाठव, आणि रविवारी नवऱ्याला घेऊन कॅलेंडरसमोर बस. एचआरकडून काय उत्तर येतं ते मला कळव, पुढचा अर्ज आपण मिळून लिहू.