रोज बारा युनिट कुठे गेले?

प्रश्न : आमच्या गच्चीवर ३ किलोवॅटचे सोलर आहे. बसवणाऱ्याने रोज १२ युनिट मिळतील असे सांगितले होते. जुलैत जेमतेम ६-७ मिळाले, बिलावर निर्यात तर त्याहूनही कमी. मे महिन्यात ऊन एवढे कडक असूनही आकडा १२च्या पुढे गेला नाही. आमची फसवणूक झाली का?
— एक वाचक, कराड

उत्तर : लगेच तसे म्हणू नका. किलोवॅटमागे रोज ४ युनिट ही वर्षाची सरासरी आहे. ती जुलैला लावायचीच नाही. ढगाळ आभाळाखाली तुमच्याकडे ६-७ युनिट येणे अगदी रास्त आहे. कोटेशनमध्ये प्रत्येक महिन्याचा वेगळा अंदाज लिहून द्यायला हवा, आणि तो मागून घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मे महिन्याबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. पॅनेलला हवा असतो उजेड. उष्णता त्याच्या मुळावर येते. पॅनेलवर छापलेली क्षमता त्यातल्या सेलचे (वीज तयार करणाऱ्या चकत्यांचे) तापमान २५ अंश धरून मोजलेली असते. मेच्या दुपारी तेच सेल ६० अंशांवर जातात आणि दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते, म्हणजे एकूण बारा-चौदा टक्के. शिवाय मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत कराडला भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो आणि तुमची पॅनेल दक्षिणेकडे कललेली. कोल्हापूरला माझ्या गच्चीवर वीज सर्वांत जास्त मार्चमध्ये होते, मेमध्ये नाही.

बिलावरची निर्यात म्हणजे घरात वापरून उरलेली, वीज कंपनीकडे गेलेली वीज; तयार झालेली सगळी वीज नव्हे. दिवसा फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीनने खाल्लेली वीज नेट मीटरपर्यंत, म्हणजे कंपनीकडून आलेली आणि कंपनीकडे गेलेली वीज मोजणाऱ्या मीटरपर्यंत, पोचतच नाही. खरा आकडा सोलरच्या इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या पेटीवर, पाहा.

आता खरी तपासणी. डिसेंबर-जानेवारीत, निरभ्र दिवशी इन्व्हर्टरच्या ॲपमधला दिवसभराचा आलेख उघडा. तो सकाळी हळूहळू चढून संध्याकाळी तसाच उतरला पाहिजे. साडेतीनला एकदम पायरीसारखा खाली आला, तर त्याच वेळी गच्चीवर जाऊन बघा. टाकीची, जिन्याच्या खोलीची किंवा शेजारच्या नारळाची सावली एखाद्या पॅनेलवर हमखास सापडेल. हिवाळ्यात सावल्या लांबतात, म्हणून उन्हाळ्यात पाहणी करून गेलेल्या माणसाला त्या दिसत नाहीत. पॅनेल एका माळेत जोडलेली असल्याने थोड्या सावलीनेही बरीच वीज जाते.

सावली नसेल, काचा धुतलेल्या असतील आणि तरीही फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र दिवसांत १२ युनिट होत नसतील, तर ते आलेख जोडून बसवणाऱ्याकडे लेखी तक्रार करा.