पहिलाच कॅमेरा ड्रोन घेतला आहे, न पाडता शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की २४९ ग्रॅमचा घडी होणारा कॅमेरा ड्रोन घेतला आहे, सोबत ३ बॅटऱ्या आहेत, याआधी काहीही उडवलेलं नाही आणि पहिल्याच दिवशी तो झाडात अडकेल किंवा उडून दिसेनासा होईल अशी धास्ती वाटते.

धास्ती रास्त आहे. पण जीपीएस असलेला आजचा ड्रोन वर नेणं अगदी सोपं आहे. रिमोटवरच्या स्टिक सोडल्या की तो हवेत जागच्या जागी उभा राहतो. नवख्या माणसाचा ड्रोन जातो तो बहुतेक वेळा परत आणताना. बॅटरी संपत आलेली असते, वारा समोरून असतो आणि ड्रोनचं तोंड कुठे आहे ते कळत नसतं. म्हणून मी क्रम उलटा सांगतो: आधी परत आणायला शिका, मग लांब जा, आणि कॅमेऱ्यात सगळ्यात शेवटी लक्ष घाला.

पहिली संध्याकाळ घरातच घालवा. तिन्ही बॅटऱ्या आणि रिमोट पूर्ण चार्ज करा. नव्या बॅटऱ्या बऱ्याचदा झोपवून ठेवलेल्या असतात, एकदा चार्जरला लावल्याशिवाय चालू होत नाहीत. त्यामुळे बॅटरी खराब निघाली असं लगेच समजू नका. ॲप टाकून फर्मवेअर (ड्रोनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट घरीच करून घ्या, मैदानावर हे करत बसलात तर अर्धी बॅटरी त्यातच जाते. मेमरी कार्ड यू३ किंवा व्ही३० अशी खूण असलेलं घ्या आणि ड्रोनमध्ये घालूनच फॉरमॅट करा. चालू करण्याआधी गिंबलवरचं, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या मोटरींच्या सांगाड्यावरचं, प्लास्टिकचं आवरण काढायला विसरू नका. चालू होताच कॅमेरा सगळ्या बाजूंना वळून स्वतःला तपासतो. आवरण तसंच असेल तर त्याच्या इवल्याशा मोटरींवर जोर येतो आणि ॲप गिंबल ओव्हरलोडची सूचना देतं.

त्याच संध्याकाळी आपल्या देशाच्या विमान वाहतूक यंत्रणेचे नियम आणि हवाई क्षेत्राचा नकाशा पाहून घ्या. बऱ्याच देशांत २५० ग्रॅम ही महत्त्वाची सीमा आहे, उंचीची मर्यादा जमिनीपासून १२० मीटर आहे, ड्रोन डोळ्यांना दिसत राहिला पाहिजे आणि विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय उडवता येत नाही. २५० ग्रॅमच्या आत असला म्हणजे सगळंच माफ असं नाही. कॅमेरा असेल तर काही ठिकाणी तरीही नोंदणी लागते. आणि प्रॉपेलर गार्ड किंवा मोठी बॅटरी लावली की तुमचा २४९ ग्रॅमचा ड्रोन २५० च्या वर जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

जागा निवडताना साधारण १०० मीटर लांब आणि तेवढंच रुंद मोकळं मैदान पाहा. झाडं, तारा, माणसं, कुत्री काही नको. वेळ सकाळची, कारण तेव्हा वारा बहुधा पडलेला असतो. इमारतीची गच्ची सोयीची वाटते, पण स्लॅबमधल्या लोखंडी सळयांनी ड्रोनचा होकायंत्र सेन्सर फसतो. मोटारीचं टप, लोखंडी झाकण, पूल यांचंही तेच. होकायंत्र चुकलं की ड्रोन एका जागी न थांबता गोल गोल फिरत घेर वाढवत जातो. असं दिसलं तर स्वतःहून परत येण्याचं बटण दाबू नका, त्याला दिशाच चुकीची कळते आहे; हातानेच जवळ आणून उतरवा. होकायंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते नव्याने जुळवणं, ॲपने मागितलं तरच करा, आणि करताना खिशातला मोबाइल व किल्ल्या बाजूला ठेवा.

उडवण्याआधी पाती बघा. ४ प्रॉपेलरपैकी २ घड्याळाच्या दिशेने फिरतात आणि २ उलट. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, म्हणजे कर्णावरचे २ सारखे असतात. खूण असलेलं पातं खूण असलेल्या मोटरवर. अदलाबदल झाली तर ड्रोन उडतच नाही, जमिनीवरच उलटा होतो आणि पाती तुटतात. पात्याच्या कडेवरून हळूच नख फिरवा. नख अडकलं तर ते पातं बदला, एका मोटरवरची दोन्ही पाती एकदमच. एवढ्याशा खाचेने थरथर वाढते आणि व्हिडिओ जेलीसारखा लिबलिबतो.

आता उड्डाण. ड्रोन सपाट, कडक पृष्ठभागावर ठेवा. वाळू आणि गवत मोटरींत जातं. चालू केल्यावर घाई न करता पुरेसे उपग्रह सापडेपर्यंत आणि "होम पॉइंट नोंदला" (होम पॉइंट म्हणजे ड्रोनने परत यायची जागा) अशी सूचना येईपर्यंत थांबा, मिनिटभर लागू शकतं. ही सूचना यायच्या आत उडालात तर होम पॉइंट नंतर कुठेतरी हवेत नोंदला जातो किंवा नोंदलाच जात नाही, आणि मग परत येण्याचं बटण दाबल्यावर ड्रोन भलतीकडे उतरू शकतो. उडाल्यावर लगेच २ मीटरवर थांबवा. अर्धा मिनिट नुसतं बघा आणि ऐका: सरकतोय का, आवाज एकसारखा आहे का, ॲपमध्ये काही इशारा आहे का.

नेहमीच्या मांडणीत डावी स्टिक पुढे ढकलली की ड्रोन वर जातो, मागे ओढली की खाली येतो, आडवी हलवली की जागच्या जागी वळतो. उजवी स्टिक त्याला पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे सरकवते. ॲपमध्ये कमाल अंतर ५० मीटर आणि उंची ३० मीटर लावा, आणि वेगाचा सगळ्यात हळू मोड निवडा. दोन्ही स्टिक खाली आतल्या बाजूला ओढली की मोटर सुरू होतात; काही ड्रोनमध्ये याच खुणेने त्या हवेतही बंद पडतात, म्हणून उडताना ही खूण चुकूनही नको. बंद करायला उतरल्यावर डावी स्टिक मोटर थांबेपर्यंत खाली धरून ठेवा.

पहिल्या बॅटरीत ड्रोनची पाठ तुमच्याकडेच ठेवा. वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे, आणि मधे मधे उतरवणं. १० वेळा उतरवा. दुसऱ्या बॅटरीत १५ मीटर बाजूचा चौकोन करा, आधी तोंड एकाच दिशेला ठेवून, मग प्रत्येक कोपऱ्यावर ९० अंश वळवून.

तिसरी बॅटरी खरी परीक्षेची. ड्रोनचं तोंड तुमच्याकडे करा, ८-१० मीटरवर. आता उजवी स्टिक उजवीकडे ढकला: ड्रोन तुमच्या डावीकडे जाईल. इथेच अपघात होतात. ड्रोन डावीकडच्या झाडाकडे सरकतो आहे असं दिसतं, माणूस त्याला वाचवायला स्टिक उजवीकडे ढकलतो, ड्रोन आणखी जोरात झाडाकडे जातो, माणूस आणखी ढकलतो. सगळं दोन सेकंदांत उरकतं. यावर उपाय एकच, आणि तो बोटांना शिकवावा लागतो: गोंधळ झाला की दोन्ही स्टिक सोडून द्या. ड्रोन थोडा पुढे घसरून थांबेल, मग विचार करा. हा सोडून देण्याचा सराव मुद्दाम २०-३० वेळा करा, कारण ऐन वेळी बोटं आपोआप घट्ट होतात.

ड्रोन लांब गेल्यावर तोंड कुठे ते दिसत नाही. तेव्हा उजवी स्टिक जरा पुढे ढकलून स्क्रीनवरचा अंतराचा आकडा बघा. आकडा वाढतोय म्हणजे तोंड तिकडे, घटतोय म्हणजे तोंड घराकडे. वाढत असेल तर जागच्या जागी वळवा आणि पुन्हा आकडा बघा. नकाशा वाचत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

मग परत येण्याची सोय, ॲपमध्ये जिला आरटीएच (रिटर्न टू होम) म्हणतात. तिची उंची आधी ठरवा: आसपासच्या सगळ्यात उंच वस्तूपेक्षा १५-२० मीटर जास्त, अर्थात नियमांच्या आत. एक लक्षात घ्या, स्क्रीनवरची उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते. टेकडीकडे उडत गेलात तर आकडा १०० दाखवत असतानाही खालची जमीन १० मीटरवर आलेली असू शकते. आणि होम पॉइंटपासून लांब असेल तर ड्रोन आधी सरळ वर चढतो आणि मग घराकडे वळतो. तो फांदीखाली किंवा छताखाली असेल तर वर चढतानाच धडकेल. अशा ठिकाणी सिग्नल गेल्यावर काय करायचं ते सेटिंगमध्ये "हवेत थांब" असं ठेवा. पहिल्या आठवड्यातच ४०-५० मीटरवर नेऊन हे बटण मुद्दाम दाबा, तो काय करतो ते शांतपणे बघा, मग तो प्रवास मधेच रद्द करूनही बघा. संकटात पहिल्यांदा दाबायचं बटण हे नव्हे.

वाऱ्याचा हिशोब मात्र सगळ्यांनी एकदा कागदावर करावा असं मला फार वाटतं. समजा ड्रोनचा हवेतला वेग सेकंदाला १० मीटर आहे आणि वारा ७ मीटरचा. वाऱ्यासोबत ९०० मीटर जायला एक मिनिटही लागत नाही. परतताना जमिनीवरून त्याचा वेग उरतो फक्त ३ मीटर, म्हणजे तेच अंतर कापायला ५ मिनिटं, तीही मोटर सतत ताणून. खाली वारा नाही म्हणून वरही नाही असं समजू नका, ५० मीटरवर चित्र वेगळं असतं. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना वारा पाठीशी राहील. उलट अडकलातच तर उंची कमी करा, खाली वारा मंद असतो. वाटेत अडथळा नसेल तर स्पोर्ट मोड लावा, वेग वाढतो. पण त्या मोडमध्ये अडथळे टाळणारे सेन्सर बहुतेक ड्रोनमध्ये बंद होतात आणि थांबायला अंतरही जास्त लागतं.

सेन्सर असले तरी तारा, बारीक फांद्या आणि काच त्यांना नीट दिसत नाहीत. पोटाखालचा कॅमेरा जमिनीवरच्या खुणा बघून ड्रोनला स्थिर ठेवतो; हलत्या पाण्यावर, अंधारात किंवा एकरंगी फरशीवर तो फसतो, त्यामुळे पाण्यावर अगदी खाली उडवणं सध्या नको. उंचावरून सरळ खाली भरधाव आणू नका. आपल्याच पात्यांनी ढवळलेल्या हवेत ड्रोन शिरतो, उचल कमी होते आणि तो डगमगतो. हळू किंवा तिरपं उतरवा. १०० मीटरवरून सेकंदाला ३ मीटरने खाली यायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागतं, हेही बॅटरीच्या हिशोबात धरा.

बॅटरीचं माझं गणित साधं आहे: ३० टक्क्यांवर ड्रोन तुमच्या डोक्यावर आलेला असावा, २०-२५ टक्क्यांवर जमिनीवर. डब्यावर ३० मिनिटं लिहिलेली असतात ती वारा नसताना आणि बॅटरी पार संपेपर्यंतची. हातात २० च्या आसपास धरा. उतरवल्यावर बॅटरी गरम असते, निवल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. बरेच दिवस उडवणार नसाल तर ४० ते ६० टक्क्यांवर ठेवा. पूर्ण भरून महिनोन्‌महिने ठेवलेली बॅटरी फुगते, आणि फुगलेली बॅटरी ना उडवायची, ना चार्ज करायची, ना टोचून बघायची, आग लागते. १० अंशांखालच्या थंडीत उडवताना पहिला मिनिटभर जवळच थांबवून बॅटरी गरम होऊ द्या.

आता कॅमेरा. सुरुवातीला एक्सपोजर (चित्र किती उजळ ते) ऑटो असू द्या, पण व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारं सेटिंग) पक्का करा, नाहीतर एकाच शॉटमध्ये रंग बदलत जातो. पुढे सेकंदाला २५ फ्रेमचा व्हिडिओ घेताना शटर १/५० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ठेवायचा प्रयत्न करा, हालचाल डोळ्यांना नैसर्गिक वाटते. एवढा प्रकाश कमी करायला एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवरची गडद काच, लागतो; आकडा मोठा तितकी काच गडद: एफ २.८ च्या लेन्सवर भर उन्हात एनडी६४ च्या आसपास, ढगाळ असताना एनडी८ किंवा एनडी१६. फिल्टर ड्रोन बंद असताना लावा आणि त्या ड्रोनसाठी बनवलेलाच घ्या, जड फिल्टरने गिंबल वाकतो.

पहिला शॉट म्हणून सेकंदाला २-३ मीटर वेगाने सरळ पुढे जा, दुसरं काही करू नका, १५ सेकंद. रेकॉर्डिंग हलायच्या ५ सेकंद आधी सुरू करा आणि थांबल्यावर ५ सेकंदांनी बंद करा. हा सरळ आला की त्यातच कॅमेऱ्याचं चाक हळूहळू फिरवून नजर जमिनीवरून क्षितिजाकडे उचला. वळवणं आणि गोल फिरणं हे दोन्ही अंगठे न बघता चालू लागल्यावर.