उभ्या माणसाचा रकाना

अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा प्रस्ताव दोनदा वाचला. स्वारगेटच्या जेधे चौकातले सिग्नल गर्दीप्रमाणे आपोआप बदलावेत, त्यासाठी कॅमेऱ्यावरून वाहने मोजायची आणि सिम्युलेशन करून खोळंबा किती कमी होतो ते दाखवायचे, असा तुझा बेत आहे. गणित पक्के आहे, वाचनही मनापासून केलेले दिसते. पण बावीस पानांत पादचारी हा शब्द एकदाच आला आहे आणि तोही ‘पादचाऱ्यांच्या अडथळ्यामुळे’ असा. त्या एका शब्दासाठी हे पत्र लिहितो आहे.

तू निवडलेली जागा बघ. एसटी स्टँड तिथे, पीएमपीची, म्हणजे शहर बसची, स्थानके तिथे आणि सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोही तिथेच. एका गाडीतून उतरून दुसरी पकडायला आलेला प्रत्येक जण मधले अंतर चालतच कापतो. कुणाच्या डोक्यावर बोचके, कुणाच्या कडेवर मूल, कुणाला दवाखान्याची वेळ गाठायची. अशा चौकात चालणारा माणूस अडथळा ठरत असेल, तर आपल्या मोजपट्टीतच काहीतरी चुकले आहे.

ती मोजपट्टी म्हणजे पीसीयू: प्रत्येक वाहन किती मोटारींच्या बरोबरीचे, ते सांगणारे एकक. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०६ या पुस्तिकेतला १९९० चा तक्ता पुन्हा एकदा काढून वाच. मोटार १, दुचाकी ०.५ किंवा ०.७५, रिक्षा १.२ किंवा २, बस २.२ किंवा ३.७. एकूण वाहतुकीत त्या वाहनाचे प्रमाण किती, त्यावर दोनपैकी कोणता आकडा घ्यायचा ते ठरते. त्या तक्त्यात टांग्याला जागा आहे, हातगाडीला आहे. चालणाऱ्याला नाही. त्याच्यासाठी आयआरसी १०३ हा वेगळा ग्रंथ आहे, पण चौकाची क्षमता काढताना तो कितीजण उघडतात ते तू तुझ्या प्रयोगशाळेतच विचारून बघ. आणि बसचा हिशेब कर. पन्नास माणसांची बस ३.७ धरली, तरी एका एककात तेराहून जास्त माणसे जातात. एकट्याने चालवलेल्या मोटारीत एका एककात एक. वाहने नव्हे, माणसे पुढे गेली पाहिजेत, हे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच सांगितले. तरीही आपले प्रबंध दर मोटारीमागचा खोळंबाच मोजत बसतात. तुझ्या निकालाच्या कोष्टकात दर माणसामागचा खोळंबा हा रकाना असू दे. त्यात चालणारा धर, बसमधला धर, सगळे धर.

आता सिग्नलकडे वळू. सिग्नलचा एक पूर्ण फेरा, म्हणजे सायकल, किती सेकंदांची असावी ते सांगणारे वेब्स्टरचे १९५८ चे सूत्र तुला तोंडपाठ असेल: दिवे बदलताना वाया जाणाऱ्या वेळेची दीडपट अधिक पाच, भागिले एक वजा वाय. वाय म्हणजे सुटू शकणाऱ्या वाहनांच्या तुलनेत येणारी वाहने किती, ते प्रमाण. वाया जाणारा वेळ १२ सेकंद धर. वाय ०.७ असेल तर सायकल ७७ सेकंदांची येते. वाय ०.८५ झाला की १५३ सेकंदांची. कागदावर वाहनांचा एकूण खोळंबा कमीत कमी होतो आणि आपण समाधानाने पान उलटतो. पण त्या १५३ सेकंदांत चालणाऱ्याला २० सेकंदांचा हिरवा दिला, तर नेमका चुकीच्या क्षणी आलेला माणूस दोन मिनिटांहून जास्त वेळ उन्हात उभा राहतो. तेवढा वेळ कोण थांबेल? तो फट बघून निघतो आणि मग आपण ‘पादचाऱ्यांमध्ये शिस्तीचा अभाव’ असा निष्कर्ष लिहितो. ती बेशिस्त आपल्या सूत्रातून आलेली असते.

हे मला फार उशिरा कळले. तरुणपणी मी एका मोठ्या चौकाची मोजणी केली होती. दिवसभर मुले कागद घेऊन चारही कोपऱ्यांवर बसली. संध्याकाळी कागद गोळा करताना एकाच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काढलेल्या पाच-पाच रेघांच्या जुड्या दिसल्या. विचारले तर म्हणाला, ‘सर, रस्ता ओलांडताना दुभाजकावर अडकलेली माणसं आहेत ही. फॉर्ममध्ये रकाना नव्हता.’ मी मान डोलावली आणि पुढची बाजू तेवढी संगणकावर चढवायला दिली. अहवालात सिग्नलची सायकल वाढवायची शिफारस केली, ती अमलातही आली. त्या चौकातली सर्वांत खरी नोंद त्या मुलाने केली होती आणि ती मी रद्दीत घातली. आजही याचे वाईट वाटते.

चालण्याचा वेग मोजशील तेव्हा सरासरीवर थांबू नकोस. सिग्नलचे आराखडे बहुधा सेकंदाला १.२ मीटर धरून करतात. २४ मीटरच्या रस्त्याला त्या हिशेबाने २० सेकंद लागतात. गुडघे दुखणारी बाई ०.८ मीटरने चालत असेल, तर तेवढ्यात ती १६ मीटरपर्यंत पोहोचते. उरलेले आठ मीटर तिने सुटलेल्या गाड्यांसमोरून जायचे. म्हणून सर्वांत हळू चालणाऱ्या पंधरा टक्क्यांचा वेग काढ आणि वेळ त्यावरून ठरव.

कॅमेऱ्याबद्दल थोडेच. ज्या गच्चीवर तो लावशील तिच्यासाठी मालकाची आणि वाहतूक पोलिसांची परवानगी आधी लेखी घे. गणपतीचे दहा दिवस, पालखीचे दिवस आणि शाळांच्या सुट्ट्या टाळ, पण पावसातला एक दिवस मुद्दाम घे. पावसात फूटपाथवर पाणी साचले की माणसे रस्त्यावर उतरतात, तेही तुझ्या चित्रीकरणात यायला हवे. संगणकाने ओळखलेली संख्या दर तासातली पंधरा मिनिटे हाताने मोजून ताडून बघ. छत्रीखालचा माणूस आणि बसच्या आडून निघणारा माणूस हमखास निसटतो.

अपघातांची माहिती घ्यायला मात्र स्वतः पोलीस ठाण्यात जा. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. हे आकडे अहवालात मिळतात. ती कुठे आणि कशी गेली ते फिर्यादीत शोधावे लागते. तिथे बहुधा एकच भाषा भेटेल: ‘हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात’. दोष चालकावर टाकून ओळ संपते. तिथे दिवा होता का, झेब्रा पुसला होता का, बसथांबा क्रॉसिंगपासून किती लांब होता, हे कुणी लिहीत नाही. प्रत्येक ठिकाणी टेप घेऊन जा आणि ती अर्धी राहिलेली फिर्याद तू पूर्ण कर. माझ्या मते तुझ्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग हाच ठरेल.

बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांच्या योजनेचा, उल्लेख करताना सांभाळून लिही. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर ती सुरू झाली आणि तेव्हापासून तिच्यावर प्रत्येक पुणेकराचे ठाम मत आहे. ‘फसली’ या एका शब्दाने संशोधकाचे काम होत नाही. रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत प्रवासी कसा पोहोचत होता, इथून सुरुवात कर.

आणि रहदारीचा रहिवाशांवर होणारा परिणाम अभ्यासणारे डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांचे काम वाच. सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्या गल्ल्या त्यांनी निवडल्या. एकीत दिवसाला सुमारे २,००० वाहने, दुसरीत ८,०००, तिसरीत १६,०००. त्यांनी रहिवाशांना विचारले, तुमचे या गल्लीत मित्र किती? सर्वांत जास्त रहदारीच्या गल्लीपेक्षा कमी रहदारीच्या गल्लीत ते जवळपास तिप्पट निघाले. इतका साधा प्रश्न वाहतुकीच्या अभ्यासात विचारता येतो, हे मला त्यांच्याकडून कळले.

प्रस्ताव रद्द करू नकोस. शीर्षक तेच ठेव, फक्त मोजणीचा फॉर्म नव्याने आख: कोण किती वेळ उभे राहिले, किती टप्प्यांत ओलांडले, दुभाजकावर किती अडकले. कच्चा असला तरी चालेल. येत्या सोमवारी सकाळी साडेसातला एसटी स्टँडच्या दारात ये, मी तिथे असेन. टोपी, पाणी आणि दोन पेन्सिली आण. पहिला तास कॅमेरा बाहेर काढायचा नाही.