दुर्बीण नंतर, आधी आवर्तन

पोरी,
अनेक आशीर्वाद.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात गाईड म्हणून तुझी निवड झाल्याचं कळलं. फार बरं वाटलं. पक्ष्यांची नावं तुला येतातच, त्याविषयी लिहीत नाही.

आधी बंधाऱ्यावर जाऊन उभी राहा. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ब्रिटिशांनी गोदावरीचं पाणी इथं अडवलं, ते कोपरगाव-राहात्याकडच्या शेतीला कालव्यानं पाणी मिळावं म्हणून. मागे गोदावरी-कादवेचा गाळ साचला, गाळाची बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पाखरं आली. अभयारण्य त्यानंतर, १९८६ साली झालं. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नाव झालं ते २०२० मध्ये. तेव्हा गावकरी पाखरांच्या जागेत घुसलेत, असं पर्यटकांना कधीही सांगू नकोस. ते खरं नाही.

वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे पाळीनं सोडलेलं पाणी, सुटलं की इथली पातळी चढते, उघडा चिखल बुडतो आणि त्यात चोची खुपसणारी पाखरं उठून जातात. पक्षी कमी दिसले की लोक लगेच मासे धरणाऱ्यांना बोल लावतात. तू वहीत पक्ष्यांच्या आकड्याशेजारी त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहीत जा. वर्षभरात कारण तुझं तुलाच दिसेल.

जाळ्यांनी इजा होते, हेही खरं. एका हिवाळ्यात टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यात वारकरी नावाचा एक पाणपक्षी अडकला होता. मी काठावरून हाका मारत राहिलो. एक म्हातारा मासेमार गुडघाभर चिखलात उतरला, पंख बगलेत धरून ब्लेडनं एकेक धागा कापत बसला. जाळं त्याचं नव्हतं. तेव्हापासून सापडेल ते फाटकं जाळं तो घरी नेतो आणि भोपळ्याच्या मांडवाला बांधतो. अशा माणसाला नियमांचा कागद दाखवण्याआधी त्याच्याजवळ बसायला हवं. हरभऱ्यात क्रौंच उतरतात, त्या शेतकऱ्याचंही तसंच. नुकसान किती झालं, ते आधी ऐकून घे.

सगळ्यात कठीण काम रविवारच्या गर्दीचं. उडतानाचा फोटो हवा म्हणून कुणी टाळी वाजवतं. दिवसा विसावलेली तलवार बदकं त्यानं उधळतात आणि परतीच्या हजारो किलोमीटरांसाठी साठवलेली चरबी फुकट जळते. इथं संकोच करू नकोस, ठामपणे थांबव. मग त्याच माणसांना दहा मिनिटं गप्प बसव. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यातून बाहेर येते, देठ पायात धरून माणसासारखा तोंडाशी नेते. ते एकदा पाहिलेला माणूस पुन्हा टाळी वाजवत नाही, हे मी कितीदा तरी पाहिलंय. नंतर त्यांना गावातल्याच घरी जेवायला ने. पाखरांच्या शांततेतून चार पैसे गावात आले पाहिजेत.

शनिवारी पहाटे साडेपाचला मनोऱ्यापाशी भेटू. गाडी गावातच ठेव, चालत ये.

तुझा,
काका