फिनिक्सकडे येताय तर धुळीच्या वादळाबद्दल थोडं

ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टरांना फिनिक्सला (अ‍ॅरिझोना) लागून असलेल्या चँडलरला जॉब लागलाय, जुलैत येताय, घर स्वस्त पडतं म्हणून कासा ग्रँडला बघावं का आणि धुळीच्या वादळांचं कितपत मनावर घ्यायचं. घरात असाल तर फार नाही, खिडक्या लावायच्या आणि नंतर एसीचा फिल्टर बदलायचा. खरा धोका रस्त्यावर आहे, आणि फिनिक्स ते टूसॉन शहरांमधला आय-टेन हायवे त्यासाठीच बदनाम आहे, कासा ग्रँड त्याच वाटेवर येतं.

इथे १५ जून ते ३० सप्टेंबरला मान्सून म्हणतात, पण आपली झड विसरा, हा वळवासारखा, दुपारनंतर ढग चढतात. खालची हवा इतकी कोरडी की बराचसा पाऊस जमिनीवर पोचायच्या आधीच सुकून जातो, त्यात हवा गार होते, गार झाली की जड होते, मग धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंना सुटते, फरशीवर बादली उपडी केल्यासारखी. वाटेत पिनाल काउंटीतली पडीक शेतं, बांधकामासाठी उकरलेल्या जमिनी, तिथली माती उचलून अख्खी भिंतच चालत येते. हिलाच हबूब म्हणतात. ५ जुलै २०११ ला फिनिक्सवर आलेली निदान ५,००० फूट उंच होती! पाऊस लांब कुठेतरी, तुमच्या डोक्यावर ऊन, आणि बघता बघता पुढची गाडी गायब.

फोनवर वॉर्निंग आली तर निघूच नका. वाटेत गाठलंच तर गाडी रस्त्यापासून जमेल तेवढी लांब घ्या, सगळे लाइट बंद, हॅझर्डसुद्धा, पार्किंग ब्रेक लावून ब्रेकवरचा पाय काढा, बेल्ट राहू दे. आपल्याला घाटात धुकं आलं की चारी इंडिकेटर लावायची सवय, इथे तेच अंगाशी येतं, मागच्याला तुमचा लाल दिवा दिसला की त्याला वाटतं रस्ता तिकडेच आहे आणि तो येऊन ठोकतो.

टूसॉनला जाताना ईलॉय ते पिकाचो पीक १० मैलांवर सेन्सर बसवलेत, धूळ वाढली की बोर्डावरचा स्पीड ताशी ७५ मैलांवरून ३५ पर्यंत उतरतो, तेव्हा मुकाट्याने ३५.

अजून एक, इथल्या मातीतल्या बुरशीमुळे व्हॅली फीवर होतो. ताप-खोकला रेंगाळला तर डॉक्टरांना त्याची टेस्ट करायला स्वतःहून सांगा.

घराचं म्हणाल तर पहिला उन्हाळा चँडलर नाहीतर शेजारच्या गिल्बर्टला भाड्याने काढा, थोडं महाग पडेल पण मिस्टरांना रोज संध्याकाळी, नेमक्या वादळाच्या वेळी, कासा ग्रँडला परतायला आय-टेनवर जावं लागणार नाही.